देवमाशांची हजेरी

माझं अक्षर सुंदर आहे. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही, पण गावात दुसरं कोणी सांगत नाही, तेव्हा नाइलाज आहे. पुढे जे काही झालं ते माझ्या वेंधळेपणामुळे झालं असं माझी बायको मित्सुए म्हणते. मी म्हणतो, ते माझ्या अक्षरामुळे झालं. गचाळ अक्षरातला कागद माणूस दोनदा वाचतो. सुंदर अक्षरातला कागद बघून नुसतं 'वा' म्हणतो आणि पुढे पाठवून देतो.

आमच्या कामिनोउराच्या देवळाचा मी नऊ वर्षं चिटणीस आहे. हे गाव एके काळी देवमाशांच्या शिकारीवर जगलं. ज्याच्या जिवावर आपण जगलो त्याचं नाव तरी विसरू नये, म्हणून आमच्या पूर्वजांनी मारलेल्या प्रत्येक देवमाशाला, माणसाला देतात तसंच, मरणोत्तर नाव दिलं आणि तिथीसकट वहीत लिहून ठेवलं. दर वसंतात त्यांचा स्मरणदिन असतो. त्या दिवसासाठी पाळीची बारा नावं मी ब्रशने एका कागदावर उतरवतो, देवळाचे मुख्य भिक्षू, आमचे ओशो-सान, ती बुद्धासमोर सुरात वाचतात आणि मग प्रवचन करतात.

करतात म्हणजे गातात. आमचे ओशो-सान त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि हे गायलेलं प्रवचन आता या किनाऱ्यावर त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही. सुरुवात साध्या बोलण्यात होते. यंदा मुळ्याला कीड लागली, अमक्याच्या मांजरीला पिल्लं झाली, असं काहीबाही. मग बोलता बोलता आवाज सुरात कधी शिरतो ते कळत नाही. भरती नेमकी कुठल्या दगडापाशी सुरू झाली हे कुणी सांगू शकेल का? शेवटी कथेतली देवमाशाची पोटुशी मादी भाल्याच्या टप्प्यात येते, ओशो-सान हातातला पंखा फटकन उघडून तिचं शेपूट दाखवतात, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, आणि सगळ्या देवळातून आपोआप 'नामानदाबु, नामानदाबु' असा बुद्धाच्या नावाचा हुंकार उठतो. गोट्यांवरून लाट मागे सरते ना, अगदी तसा. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मी त्या हुंकारावर काढतो.

आणि या हुंकाराला यंदा टोमिए-सानची दृष्ट लागली.

टोमिए-सान म्हणजे मासळीच्या लिलावात पन्नास वर्षं ओरडलेली बाई. तिला हळू बोलता येत नाही. गेल्या महिन्यात पूजेनंतरच्या चहाला ती म्हणाली, "ओशो-सान, रागावू नका हं. तुम्ही पंख्याने दाखवता ते शेपूट बोनिटो माशाचं आहे."

"म्हणजे?"

"माशाचं शेपूट उभं असतं, डावं-उजवं चालतं. देवमाशाचं आडवं असतं. ते वर-खाली चालतं. तुम्ही कधी देवमासा पाहिला नाही वाटतं?"

ओशो-सानांनी चहाचा पेला खाली ठेवला. "चित्रात पाहिलाय," ते म्हणाले. मग हातातल्या पंख्याकडे बघून, "बाजूने काढलेल्या."

ओशो-सानांनी पंखा मिटला. टप्.

"पन्नास वर्षं मी मुक्या जिवाबद्दल खोटी साक्ष देत आलो," ते म्हणाले. "यंदा नावं वाचीन, सूत्र म्हणेन. प्रवचन नाही. जे पाहिलं नाही ते गाणार नाही."

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. म्हणजे भात, सूप आणि लोणचं खाल्लं. बोनिटोला हात लावला नाही.

रात्रभर विचार केल्यावर मला वाटलं, यात अवघड काय आहे? ओशो-सान इथे, देवमासे समोरच्या समुद्रात. दोघांची गाठ घालून द्यायची. पलीकडच्या बंदरातून एक नौका-संघ 'देवमासे आणि किनारी वन्यजीव, एक दिवसाची शोधसफर' काढतो. स्मरणदिन रविवारी. आदल्या गुरुवारी सफर. मी भर सभेत उठून सांगितलं, "ओशो-सानांना देवमासा दाखवायची जबाबदारी माझी!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाने ताबडतोब खाली बसावं. मी उभाच राहिलो आणि म्हणालो, "नाही दिसला, तर चिटणीसपद सोडीन." यावर जास्त टाळ्या पडल्या. तेव्हा मी बसलो.

अडचण एकच होती. ओशो-सानांना समुद्र लागतो. तसा लागतो म्हणजे किती, तर आंघोळीच्या हौदात दुसरं कुणी उतरलं तरी ते कड धरून बसतात. म्हणूनच समुद्रकाठी जन्म काढून त्यांनी देवमासा पाहिला नव्हता.

आमचे शेजारी ओकामुने-सान यांना हे समजताच ते कुंपणापाशी आले. त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टी माहीत आहेत. फक्त स्वतः केलेली त्यांतली एकही नाही.

"कुसुनोसे-सान, समुद्र लागू नये म्हणून बेंबीवर उमेचं खारवलेलं आंबट फळ ठेवायचं. वरून चिकटपट्टी. पण उमे मागच्या वर्षीचं हवं. यंदाचं चालत नाही."

"का?"

"यंदाचं अजून घाबरट असतं."

चहावाल्या आजी म्हणाल्या, आल्याचा तुकडा मोज्यात ठेवा. औषधवाल्याने सांगितलं, क्षितिजाकडे बघा. लगेच त्याच्या बायकोने सांगितलं, क्षितिजाकडे चुकूनही बघू नका. ओकामुने-सान रोज नवं काही आणत. देवमासा डावीकडून येतो. देवमाशाला निळा रंग आवडत नाही. मी टाचण करत गेलो आणि शेवटी म्हणालो, "तुम्हीच चला ना!" ते म्हणाले, "अर्थातच! मी नसलो तर तुम्हाला देवमासा ओळखू कसा येणार?"

असे आम्ही बारा जण झालो. ओशो-सान, ओकामुने-सान, टोमिए-सान, आम्ही नवरा-बायको आणि महिला मंडळाच्या सात जणी.

नौका-संघाच्या कचेरीत वाजिकी-सान नावाच्या बाई होत्या. फोनवर त्यांचा आवाज इतका नम्र होता की नकार मिळाला हे फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी कळायचं. त्यांना प्रवाशांची यादी हवी होती, अधिकृत अक्षरांत, प्रत्येकापुढे जन्मतारीख घालून, टपालाने. मी ती ब्रशने लिहिली. त्याच दुपारी स्मरणदिनाची यादीही लिहिली. दोन्ही याद्यांत बारा नावं, प्रत्येकापुढे तारीख, कागद तोच, शाई तीच आणि अक्षर तर काय, सांगितलंच आहे. मी मित्सुएला म्हणालो, "टेबलावरचा कागद पाठवून दे, दुसरा देवळात बुद्धासमोर ठेव."

"दोन्ही टेबलावरच आहेत."

"मग वरचा पाठव!"

इतकंच झालं. यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता आम्ही धक्क्यावर पोचलो. आम्ही म्हणजे अकरा. ओकामुने-सानांचा गुडघा पहाटे अचानक दुखायला लागला होता. माझ्या बेंबीवर मागच्या वर्षीचं उमे, मोज्यात आलं. ओशो-सानांच्याही बेंबीवर उमे, पण त्यांनी यंदाचं लावलं होतं, कारण मागच्या वर्षीचं त्यांनी खाल्लं होतं.

वाजिकी-सान वाकून नमस्कार करत पुढे आल्या. हातात पाटी, पाटीवर शिक्का मारलेली यादी, आणि दोरीत ओवलेले बारा बिल्ले. "आपलं स्वागत असो. यादीप्रमाणे बिल्ले घ्यावेत. विमलतरंग-सान कोण?"

आम्ही मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"सागरशांती-सान? करुणाघोष-सान?"

ओशो-सानांनी चष्मा लावून यादीत डोकावलं. त्यांचा चेहरा अगदी शांत झाला. "कुसुनोसे-सान," ते म्हणाले, "हे सगळे देवमासे आहेत."

"काय?"

"मेलेले."

टोमिए-सानचं हसू पलीकडच्या बेटापर्यंत गेलं असावं. खडकावरचे पाणकावळे उडाले. मित्सुए हसली नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे आपल्या बाराजणांची यादी चार दिवस देवळात मयतांच्या जागी आहे. तिच्यापुढे मी रोज उदबत्ती लावतेय."

"तरीच!" टोमिए-सान ओरडली. "तरीच परवापासून मला इतकं शांत वाटतंय!"

मी वाजिकी-सानांपुढे तीनदा वाकलो आणि सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "समजलं. फार वाईट वाटलं. पण यादीवर शिक्का झालाय. बदल करायचा तर तीन दिवस आधी अर्ज लागतो. नौकेवर यादीतलेच प्रवासी जाऊ शकतात."

"पण ते देवमासे आहेत हो!"

"यादीत तसा उल्लेख नाही."

"तारखा तरी बघा! तेम्पो सनाचं तिसरं वर्ष! एकशे नव्वद वर्षं झाली!"

"आपली मंडळी वयस्कर आहेत असं मला वाटलं होतं," वाजिकी-सान हळूच म्हणाल्या. "पण वयाबद्दल विचारणं बरं दिसत नाही. देवळातून कागद आला, तेव्हा दीक्षेची नावं असतील असं धरून चालले. म्हणून जेवणही मऊ ठेवलंय. पेज."

आता ओशो-सान पुढे झाले. "बाई, माणूस मेल्यावर त्याला नवं नाव मिळतं. आम्हाला जरा आधी मिळालं. यादीतलं नाव ज्याच्या गळ्यात, तो प्रवासी. असं चालेल का?"

वाजिकी-सानांनी नियमांची पुस्तिका उघडली, मागून पुढे चाळली. "चालणार नाही असं कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

बिल्ले वाटले गेले. ओशो-सान करुणाघोष झाले. मित्सुए सागरशांती, जे मी लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत कधी पाहिलेलं नाही. टोमिए-सान विमलतरंग. माझ्या वाट्याला आलेला बिल्ला मी उलटा घातला होता, पण टोमिए-सानने तो सरळ करून मोठ्याने वाचला: "महोदर! कुसुनोसे-सान, पूर्वजांची नजर किती लांबची बघा! तेम्पो सनातच पोट दिसलं त्यांना!"

बारावा बिल्ला उरला. चंद्रफेन. ओकामुने-सानांच्या रिकाम्या जागेवर वाजिकी-सानांनी तो नीट अडकवून ठेवला आणि त्या जागेला सुरक्षापट्टाही बांधला.

नौकेचे कप्तान योरिमित्सु-सान जन्माचे बोनिटोवाले होते आणि बोलणं म्हणजे त्यांना वाया जाणारं आमिष वाटत असावं. खाडीबाहेर पडताच पहिली लाट आली आणि ओशो-सानांनी कठड्याला मिठी मारली. मी त्यांना क्षितिजाकडे बघा म्हणालो, मग बघू नका म्हणालो. दोन्हींचा परिणाम एकच झाला.

पण समुद्र काय सुंदर होता म्हणून सांगू! लांब पंखांची पाखरं लाटांच्या अंगाला पंखाचं टोक लावत चालली होती. उडते मासे एकदम पाण्यातून सुटत, जणू कुणी मूठभर रुपेरी सुऱ्या फेकल्या. एका बेटाच्या कड्यावर घारीचं घरटं होतं. मी ते ओशो-सानांना दाखवत होतो. मित्सुएने घरून आणलेला भाताचा गोळा माझ्या हातात होता. पेज खाऊन काय होणार, म्हणून गुपचूप काढला होता. घारीने मात्र तो पाहिला होता. डोक्यावरून वाऱ्याचा एक झोत गेला आणि माझ्या बोटांत गोळ्यावर गुंडाळलेलं नुसतं समुद्रशैवालाचं पान राहिलं.

"वन्यजीव!" वाजिकी-सानांनी पाटीवर नोंद केली. "घार, एक. अगदी जवळून."

तेवढ्यात मला डावीकडे पाण्यावर काळा पंख हलताना दिसला. ओकामुने-सानांनी सांगितलंच होतं, डावीकडून येतो! "देवमासा!" मी ओरडलो. अकराच्या अकरा जण डावीकडे धावले, नौका कलली, सात जणींच्या पेजा सांडल्या. पाण्यात परातीसारखा चपटा, गोल मासा कुशीवर पडून ऊन खात होता. त्याला मागे काहीच नव्हतं. कुणी मागचा अर्धा भाग विळीवर उडवल्यासारखा.

"हा सूर्यमासा," योरिमित्सु-सान म्हणाले. "याला शेपूट नसतं."

ओशो-सानांनी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं. "शेपूट बघायला आलो," ते क्षीण आवाजात म्हणाले, "आणि दर्शन बिनशेपटीच्याचं झालं. माझी योग्यता कळली."

त्यानंतर मी आणखी चार देवमासे दाखवले. योरिमित्सु-सानांच्या मते त्यांतला एक ओंडका होता, एक लाटेची सावली, एक जाळ्याचा तरंगता डबा आणि चौथा पुन्हा तोच ओंडका. डॉल्फिन मात्र खरेच आले. शंभरएक असतील. नौकेपुढे उड्या मारत, एकमेकांना ढुशा देत, शाळा सुटल्यासारखे. महिला मंडळ आनंदाने किंचाळत होतं, मीही किंचाळत होतो, बेंबीवरचं उमे सुटून पॅंटमध्ये कुठेतरी निघून गेलं त्याचीही मला पर्वा नव्हती. ओशो-सानसुद्धा हसले. पण डॉल्फिनांचं सगळं इतकं झटपट की कुणाचं शेपूट कुठे वळतं ते त्यांना दिसेना.

दोन वाजले. योरिमित्सु-सानांनी आकाशाकडे बघितलं. "दहा मिनिटं. मग मागे."

ती दहा मिनिटं मी माझ्या आयुष्यात कधी घालवली नसतील अशी घालवली. समुद्र आता सपाट झाला होता, तेल सांडल्यासारखा. काहीही नव्हतं. चिटणीसपदाचं मला काही वाटत नव्हतं. म्हणजे वाटत होतं. पण रविवारी देवळात सगळे बसलेत, नावं संपलीत, आणि नंतर ती शांतता, ज्यात भरती यायला हवी आणि येत नाही, हे मला दिसायला लागलं. ओशो-सान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू द्या, कुसुनोसे-सान. तुम्ही फार केलंत. मीच उशीर केला. पन्नास वर्षं."

टोमिए-सान कधी नव्हे ते हळू आवाजात खाली बघत म्हणाली, "माझी जीभ छाटायला हवी होती, ओशो-सान. बोनिटोचं तर बोनिटोचं. चांगलं चाललं होतं."

"तुम्ही खरं बोललात," ओशो-सान म्हणाले. "खऱ्याने मळमळलं, तरी त्यावर उमे लावत नाहीत."

योरिमित्सु-सानांनी इंजिन बंद केलं. नौका वळवण्याआधी हजेरी घ्यायची असा नियम आहे. वाजिकी-सान यादी घेऊन उभ्या राहिल्या आणि अडखळल्या. सकाळी त्यांनी वाचता आली तेवढी तीन नावं वाचली होती. बाकीची अक्षरं इतकी जुनी की त्यांना वाचता येईनात. "माफ करा," त्या लाल होऊन म्हणाल्या. "करुणाघोष-सान, आपण वाचाल का?"

ओशो-सान एका हाताने कठडा धरून उठले. यादी समोर धरली.

"विमलतरंग."

"हो!" टोमिए-सान.

"सागरशांती."

"हो!" मित्सुए.

"महोदर."

"हो," मी. कुणीतरी खुदकन हसलं.

चौथ्या नावाला माझ्या लक्षात आलं. मी मित्सुएचं मनगट धरलं. ती नावं साध्या आवाजात त्यांनी कधी वाचलीच नव्हती; त्यांच्या गळ्याला ती वाट ठाऊकच नव्हती. आवाज कधी सुरात शिरला त्यांनाही कळलं नाही. पाचवं नाव लांबलं, सहावं वर चढलं, सातव्यावर ते क्षणभर थांबले आणि खाली उतरले. आणि आम्हीही नुसतं 'हो' म्हणत नव्हतो आता. आमचे 'हो'सुद्धा त्यांच्या सुराच्या कडेला जाऊन बसत होते. अकराव्याला त्यांनी स्वतःचंच नाव घेतलं, "करुणाघोष," आणि स्वतःच हळूच म्हणाले, "हो."

मग बारावं.

"चंद्रफेन."

रिकाम्या जागेवरचा बिल्ला वाऱ्याने हलला.

"गैरहजर लिहू?" वाजिकी-सान कुजबुजल्या.

ओशो-सानांनी ऐकलं नाही. स्मरणदिनी जसं म्हणतात तसं, डोळे मिटून त्यांनी पुन्हा हाक मारली, "चंद्रफेऽन."

काही नाही. टोमिए-सानने नाक ओढलं.

तिसरी हाक त्यांनी दिली ती मला इथे लिहिता येणार नाही. अक्षर कितीही सुंदर असलं तरी. ती पाण्यावरून लांबवर गेली, संपली, आणि आमच्या मागून, अगदी हाताच्या अंतरावरून, कुणीतरी प्रचंड मोठा श्वास सोडला.

फूऽऽऽस्!

आम्ही सगळे माशाच्या वासाच्या गरम फवाऱ्यात न्हालो. शेजारी काळी, ओली, चकचकीत पाठ वर येत होती, येत होती, संपतच नव्हती. आणि तिच्या कुशीला चिकटून दुसरी, लहान. तिने आपला छोटासा श्वास सोडला, पूस्, जणू आईची नक्कल.

"नामानदाबु," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच. "नामानदाबु, नामानदाबु." योरिमित्सु-सानसुद्धा. गोट्यांवरून लाट सरली.

मादी नौकेखालून जायला वळली. "शेपूट! ओशो-सान, शेपूट!" मी ओरडलो. ज्यांना आंघोळीच्या हौदात भोवळ येते ते ओशो-सान कंबरेपर्यंत कठड्याबाहेर वाकले. मी त्यांचा एक पाय धरला, टोमिए-सानने दुसरा. खाली नितळ पाण्यात, खोलीएवढं रुंद ते शेपूट सावकाश वर आलं, खाली गेलं, वर आलं. लहानग्याचंही, दुप्पट घाईने.

ओशो-सान बराच वेळ तसेच लटकून होते. आत ओढलं तेव्हा त्यांचा चेहरा चिंब होता, आणि तो फवाऱ्यानेच झाला होता असं मी म्हणणार नाही.

"कुसुनोसे-सान," ते म्हणाले, "मासा जन्मभर 'नाही, नाही' करत पोहतो. आणि ही बघा. 'हो, हो, हो' करत चाललीय."

वाजिकी-सानांच्या पाटीवरून पाणी गळत होतं. त्यांनी चंद्रफेनपुढे सुबक खूण केली. मग थबकल्या. "पण यादीत बाराच आहेत," त्या म्हणाल्या. "हे तेरावं होतंय."

"लहान आहे ते," योरिमित्सु-सान म्हणाले.

वाजिकी-सानांनी पुस्तिका उघडली, बघितली आणि चेहरा उजळून म्हणाल्या, "सहा वर्षांखालील! नाव लागत नाही."

रविवारी देऊळ असं भरलं की जोडे पायऱ्यांवरून खाली रस्त्यापर्यंत गेले. ओकामुने-सान बऱ्या गुडघ्याने पहिल्या रांगेत बसून शेजारच्याला देवमासा कसा दिसतो ते सांगत होते. ओशो-सानांनी बुद्धासमोरचा कागद उचलून उघडला, आणि माझ्या पोटात, म्हणजे महोदरात, गोळा आला. देवमाशांची शिक्क्याची यादी कचेरीतच राहिली होती. आनंदाच्या भरात कागद बदलायचे मी विसरलो होतो.

ओशो-सानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. मग सगळ्यांना म्हणाले, "यंदा मुळ्याला कीड लागली नाही, हे बरं झालं. देवमाशांची नावं गुरुवारी वाचून झाली. त्यांनी हजेरीही दिली. आज ज्यांचे पूर्वज त्यांच्या जिवावर जगले, त्यांची नावं घेऊ. जिवंतपणी नाव घेतलं की एक सोय असते. ओ द्यायला माणूस असतो."

आणि त्यांनी आम्हा बाराजणांची नावं गायली. ओकामुने-सान दचकून इतक्या मोठ्याने 'हो' म्हणाले की देवळामागच्या मांजरीने पिल्लं उचलून नेली. तिथून प्रवचन कधी सुरू झालं, मला विचारू नका. भरती कुठल्या दगडापाशी सुरू झाली ते मला याही वेळी कळलं नाही. मादी आली, पंखा फटकन उघडला, आणि या वेळी तो वर गेला, खाली आला, वर गेला. त्याबरोबर सगळ्या देवळाच्या माना वर-खाली हलत होत्या. टोमिए-सानची सगळ्यांत जास्त.

सगळं आटोपल्यावर कागदाची घडी माझ्या हातात देत ओशो-सान म्हणाले, "कुसुनोसे-सान, तुमचं अक्षर मात्र फार सुंदर आहे."

मित्सुए शेजारीच उभी होती. खोटं वाटत असेल तर तिला विचारा.